चांदी, तांबे आणि महंमद तुघलक



एखाद्या कचेरीतून सकाळी हुकूम निघाला आणि संध्याकाळी तो फिरवला गेला, की आपण त्याला तुघलकी कारभार म्हणून मोकळे होतो. ज्याच्या नावावरून हा शब्द आला त्या सुलतान महंमद बिन तुघलकाचा आपल्या बीडशी निकटचा संबंध आहे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात असते. या सुलतानाचा एक दात आपल्या जिल्ह्यात पुरलेला आहे, आणि त्या दातावर बांधलेला मकबरा करजणी गावाजवळच्या टेकडीवर आहे. बीड हे नावही त्यानेच दिले, येथे थोडे खणताच पाणी लागते म्हणून अरबीत विहिरीला जो शब्द आहे तो त्याने गावाला दिला, अशी जुनी कथा आहे. कथेचे असो. या लेखात मला सुलतानाची ओळख करून द्यावयाची आहे ती चांदी आणि तांबे या दोन धातूंच्या निमित्ताने. कारण त्याच्या साऱ्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी फजिती या दोन धातूंच्या गुणधर्मांतून उद्भवली, आणि ती नीट समजून घ्यावयाची तर इतिहासाच्या पुस्तकाशेजारी विज्ञानाचेही पुस्तक उघडून ठेवावे लागते.

महंमदाचे मूळ नाव जौना खान. वडील गाझी मलिक हे सरहद्दीवर मोंगलांशी झुंजून नावारूपाला आलेले सरदार. १३२० साली ते घियासुद्दीन तुघलक या नावाने दिल्लीच्या तख्तावर बसले आणि जौना खानाला उलुघ खान हा किताब मिळाला. वारंगळच्या काकतीय राज्यावर त्याची पहिली स्वारी फसली, पण १३२३ साली दुसऱ्या स्वारीत त्याने तो किल्ला घेतला. म्हणजे तख्तावर येण्यापूर्वीच दख्खनची वाट त्याच्या पायाखालची झाली होती. १३२५ साली बंगालच्या मोहिमेवरून परतणाऱ्या बापाच्या स्वागतासाठी दिल्लीजवळ अफगाणपूर येथे लाकडी मंडप उभारण्यात आला. तो कोसळला आणि घियासुद्दीन त्याखाली सापडून मरण पावला. बरनी वीज पडल्याचे लिहितो, तर इब्न बतूता शहजाद्याकडे बोट दाखवतो.

तख्तावर आलेला हा माणूस अडाणी किंवा वेडा मुळीच नव्हता. तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, गणित, वैद्यक या विषयांत त्याला गती होती, अक्षर सुरेख होते आणि फारसी काव्य तोंडपाठ होते. त्याच्या विरोधकांनीही त्याची विद्वत्ता नाकारलेली नाही. पण स्वभाव विलक्षण तापट. दारात आलेल्या परदेशी विद्वानाला तो मोहरांनी न्हाऊ घालीत असे आणि त्याच दारात शिक्षा झालेल्यांची प्रेते पडलेली असत. १३२७ साली त्याने देवगिरीचे दौलताबाद करून तेथे राजधानी नेण्याचे ठरविले आणि दिल्लीच्या प्रतिष्ठित घराण्यांना इकडे येण्यास भाग पाडले. इतिहासकार इसामी याचे नव्वद वर्षांचे आजोबा या प्रवासात पहिल्याच मजलीला वारले. त्याने सुलतानाविरुद्ध इतके कडवट का लिहिले, हे त्यावरून समजून घेता येते.

आता धातूंकडे वळू.

दिल्लीच्या सुलतानांचा मुख्य सिक्का म्हणजे चांदीचा टंका. वजन सुमारे ११ ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या तोळ्याच्या जवळपास. महंमदाने तख्तावर येताच नाण्यांत फेरफार केले. सोन्याचा दिनार सुमारे १३ ग्रॅमचा, म्हणजे पूर्वीपेक्षा जड केला, आणि चांदीचे अदली नावाचे सुमारे ९ ग्रॅमचे हलके नाणे काढले. या दोन आकड्यांत बरेच काही लपलेले आहे. दक्षिणेच्या स्वाऱ्यांतून दिल्लीत सोने आले होते, पण चांदी अपुरी पडत होती. आपल्या देशात चांदीची खाण म्हणावी अशी थोडीच. राजस्थानात शिसे-जस्ताच्या धातुकातून ती निघते, पण तेव्हाची बहुतेक चांदी व्यापाराच्या मार्गाने बाहेरूनच यावयाची. त्यात सुलतानाने खुरासानच्या मोहिमेसाठी तीन लाख सत्तर हजारांची फौज भरती केली, असे बरनी सांगतो. आकडा फुगविलेला असू शकेल, पण एवढ्या फौजेचा पगार टंक्यांत द्यावयाचा होता आणि टंका चांदीचा होता.

मित्रांनो, आवर्त सारणी उघडा. ११व्या गटात, ज्याला जुन्या पुस्तकांत १ब म्हणत, तांबे, चांदी आणि सोने एकाखाली एक बसलेले दिसतील. तांब्याचा अणुक्रमांक २९, चांदीचा ४७ आणि सोन्याचा ७९. एकाच घराण्यातील ही भावंडे, म्हणून बरेच गुण सारखे. तिन्ही मऊ, ठोकून पत्रा होणारे, ओढून तार निघणारे. तांबे आणि चांदी ही दोन्ही सौम्य आम्लातून हायड्रोजन वायू बाहेर काढीत नाहीत आणि दोन्ही नायट्रिक आम्लात विरघळतात. विजेच्या वहनात चांदीचा क्रमांक पहिला आणि तांब्याचा दुसरा, आणि अंतर फार थोडे. चांदीची वहनक्षमता १०० धरली तर तांब्याची ९४ ते ९५ भरते.

फरक कोठे आहे? पहिला फरक वजनात. चांदीची घनता १०.४९ आणि तांब्याची ८.९६, म्हणून सारख्याच आकाराची दोन नाणी हातात घेतली तर चांदीचे जड लागते. धातूंच्या घनतेचे असे मोजमाप अल्-बिरूनीने अकराव्या शतकातच काळजीपूर्वक केले होते. दुसरा फरक वितळण्यात. चांदी ९६२ अंशांना वितळते, तांब्याला १०८५ अंश सेल्सिअस लागतात. तिसरा फरक, जो तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत पाहू शकता, तो रासायनिक क्रियाशीलतेचा. सिल्व्हर नायट्रेटच्या रंगहीन द्रावणात तांब्याची स्वच्छ तार सोडा आणि थोडा वेळ थांबा. तारेवर चांदीचे करडे, चमकदार कण जमू लागतात आणि द्रावण निळसर होत जाते. तांबे स्वतः द्रावणात उतरते आणि चांदीला बाहेर हुसकून लावते. तांबे अधिक क्रियाशील, चांदी अधिक स्थितप्रज्ञ. म्हणूनच तांब्याचा हंडा हवेत काळवंडतो आणि ओलीत पडून राहिला तर त्यावर हिरवट थर चढतो. चांदी हवेतल्या प्राणवायूला दाद देत नाही. मात्र गंधकाशी तिचे पटत नाही. अंड्यात गंधक असते, म्हणून चांदीच्या चमच्याने अंडे खाल्ले तर चमचा काळा पडतो. पैंजण काळे पडतात तेही गंधकाच्या संयुगांमुळेच.

भगिनींना यातले बरेच काही पुस्तकाशिवाय माहीत आहे. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले की कळकते, ते आम्लाने तांबे उतरते म्हणून. लग्नाची तांब्याची देग चुलीवर चढण्यापूर्वी कल्हईवाल्याकडे जाते ती एवढ्याचसाठी. कथिलाचा तो पातळ थर खाणाऱ्यांचे आणि तांब्याचे भांडण टाळतो. तांब्यात जस्त मिसळले की पितळ, कथील मिसळले की कासे. आणि जर्मन सिल्व्हर नावाने जी भांडी विकली जातात त्यांत नावाखेरीज चांदी काहीच नसते. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण असते. दागिन्यांच्या चांदीत मात्र तांबे मुद्दाम घालतात, कारण शुद्ध चांदी फार मऊ. स्टर्लिंग चांदीत शंभर भागांत साडेसात भाग इतर धातू, बहुधा तांबेच, असते. शेतकऱ्यांना तांबे मोरचुदाच्या रूपाने भेटते. चुन्याबरोबर त्याचे बोर्डो मिश्रण करून मोसंबीवर फवारतात. आणि चांदी? मतदानाच्या दिवशी बोटाला लागणाऱ्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. त्वचेवर उजेड पडून ते काळे होते आणि धुऊन जात नाही.

पण या सर्व गुणांपेक्षा एक साधी गोष्ट राज्यकर्त्याच्या दृष्टीने मोठी आहे. पृथ्वीच्या कवचात तांबे हे चांदीच्या शेकडो पट अधिक आहे. तांबे घरोघर असते. चांदी थोड्यांकडे, आणि तीही कनवटीला.

सुमारे १३२९-३० साली सुलतानाने फर्मान काढले की तांब्याचा आणि पितळेचा टंका यापुढे चांदीच्या टंक्याच्या बरोबरीने चालेल. वजन चांदीच्या अदलीच्या जवळपास. त्यावर फारसीत, हा टंका उमेदवार बंदा महंमद तुघलक याच्या काळात चलनी म्हणून छापला आहे, अशा अर्थाचा मजकूर होता. दुसऱ्या बाजूला अरबीत, जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो रहमानची आज्ञा पाळतो, असा आशय होता. इतकी मोठी शपथ नाण्यावर का घालावी लागली, याचा विचार करा. चांदीच्या नाण्याला असल्या विनवणीची गरज नसते. हे टंके दिल्लीप्रमाणेच दौलताबादच्या टाकसाळीतही पडत होते, म्हणजे आपल्या या भागात ते फिरले असणार.

कल्पना मूर्खपणाची नव्हती. चीनमध्ये कुबलाई खानाने तुतीच्या सालीच्या कागदाच्या नोटा चालविल्या होत्या. इराणात १२९४ साली गायखातूने तेच करून पाहिले आणि तबरीझचा बाजार बंद पडून थोड्याच दिवसांत ते गुंडाळावे लागले. सुलतानासमोर दोन्ही उदाहरणे होती. माझ्या मते त्याने चीनचे यश पाहिले आणि त्या यशामागची व्यवस्था पाहिली नाही. चिनी नोटेवर शिक्के असत, कागद सरकारी ताब्यात असे आणि नक्कल करणाऱ्यास देहान्त शिक्षा होती. तांबे कोणाच्या ताब्यात होते?

आता पाहा काय झाले. चांदीचे नाणे नकली करणाऱ्याला त्यात चांदी घालावीच लागते. पूर्ण वजनाची चांदी घातली तर त्याला नफा उरत नाही. कमी घातली तर सराफ कसोटीवर घासून, वजन करून, नाणे वाजवून ते पकडतो. म्हणजे चांदी आपली राखण आपणच करते. तांब्याच्या टंक्याचे उलट. घरातला जुना हंडा फोडला, भात्याने कोळसा फुलवून आटवला, की चांदीच्या मोलाचे टंके हाती येत. पितळ तर तांब्यापेक्षाही कमी उष्णतेला वितळते. आणि सराफाने ते ओळखावे कसे? सरकारी टंक्यातले तांबे आणि चोराच्या टंक्यातले तांबे यांची घनता एकच, रंग एकच, आवाज एकच. येथे रसायनशास्त्र मुके होते. फरक दाखवू शकणारी एकच गोष्ट, टाकसाळीची न साधणारी कारागिरी, ती सुलतानाच्या टंक्यांत नव्हती.

घरे टाकसाळी झाली, असे बरनी लिहितो. तो हा दोष एकट्या हिंदूंच्या घरांवर ठेवतो. बरनी या सुलतानाच्या दरबारात सतरा वर्षांहून अधिक काळ होता, त्याला पुष्कळ माहीत होते. पण म्हातारपणी, दारिद्र्यात, मनात राग ठेवून त्याने ग्रंथ लिहिला, आणि या ठिकाणी त्याचे वाक्य जसेच्या तसे घेऊ नये असे मला वाटते. भट्टी आणि भाता धर्म विचारून पेटत नाहीत. ज्याला ज्याला तांबे आटवता येत होते त्याने त्याने ते आटवले असणार.

सारा तांब्याच्या टंक्यांत भरला जाऊ लागला. चांदी लोकांनी पुरून ठेवली. परदेशी व्यापारी तांबे घेईनात. दूरच्या मुलखात टंक्याला तांब्याच्याच भावाने किंमत येऊ लागली. जो कारागीर, जो शिपाई पगार म्हणून हे टंके घेऊन घरी गेला, त्याच्या हातात आठवड्याअखेर मूठभर धातू उरला. गरिबाचे नुकसान येथे झाले, आणि त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

सुमारे १३३२ पर्यंत, म्हणजे दोन-तीन वर्षांतच, सुलतानाने फर्मान मागे घेतले. मागे घेताना त्याने जे केले त्याचा उल्लेख आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकला जातो, पण मला ते त्याच्या आयुष्यातले लक्षात ठेवण्याजोगे कृत्य वाटते. तांब्याचे टंके खजिन्यात आणून द्यावेत आणि त्याबदली सोन्या-चांदीचे घेऊन जावेत, असे त्याने जाहीर केले. खरे-खोटे ओळखण्याची सोय नव्हती, म्हणून खोटेही बदलून दिले गेले. जे तांबे आटवून श्रीमंत झाले होते ते या मार्गाने दुसऱ्यांदा श्रीमंत झाले. तुघलकाबादेत परत आलेल्या टंक्यांचे डोंगर पडले होते, असे बरनी सांगतो. खजिना रिता झाला. हात वर करून लोकांचे टंके बुडविणे त्याला सहज शक्य होते, त्याच्या तलवारीपुढे कोण बोलणार होते? त्याने तसे केले नाही. क्रूर म्हणून ज्याचे नाव झाले त्या माणसाने शब्द मोडण्यापेक्षा खजिना मोडला.

आणि आज? आपल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींनी चारमिनारचे चित्र असलेला निजामाचा हाली सिक्का हाताळला असेल. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते, आणि त्या रुपयात चांदी असे. ब्रिटिश रुपयात बाराला अकरा भाग चांदी होती, ती १९४० साली निम्म्यावर आली आणि १९४७ पासून रुपया निकेलचा झाला. आता रुपया पोलादाचा आहे, दहाच्या नाण्याच्या पिवळ्या कडेत बरेचसे तांबे आहे, आणि पाचशेची नोट तर कागद. सुलतानाने ज्यासाठी शिव्या खाल्ल्या तेच आपण सर्व रोज खिशात बाळगतो. फरक एवढाच की नोटेतला धागा आणि जलचिन्ह घरच्या चुलीवर होत नाहीत.

सुलतानाच्या सौद्याचा बरोबर उलटा सौदाही एकदा झाला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला ओक रिज येथे अणुबाँबसाठी युरेनियम वेगळे करण्याची यंत्रे उभारावयाची होती. त्यांच्या विद्युतचुंबकांना प्रचंड प्रमाणात तांब्याची तार हवी होती आणि तांबे तर तोफगोळ्यांना लागत होते. तेव्हा १९४२ साली अमेरिकेच्या सरकारी खजिन्यातून सुमारे १३ हजार टन चांदी उसनी काढली आणि तिची वेटोळी केली. चांदी तांब्याच्या जागी बसली! ती वजन करून परत करण्यात आली, शेवटचा हिस्सा १९७० साली.

टंक्याच्या प्रकरणानंतर सुलतानाला सुख म्हणून लाभले नाही. १३३५ च्या सुमारास मदुरेच्या सुभेदाराचे बंड मोडण्यासाठी तो दक्षिणेत उतरला. वारंगळला छावणीत साथ पसरली, फौजेची माणसे पटापट मेली आणि सुलतान स्वतः आजारी पडला. तेथून परतताना बीड मुक्कामी त्याची दाढ दुखू लागली आणि दात पडला. फरिश्ता सांगतो की त्याने तो मोठ्या इतमामाने पुरविला आणि त्यावर इमारत बांधविली. मग पैठणला थांबून औषधोपचार घेतले आणि पालखीतून उत्तरेस गेला. दिल्लीकडे भयंकर दुष्काळ पडला होता. त्याने विहिरी खणण्यासाठी आणि बी-बियाण्यासाठी तगाई वाटली, शेतीसाठी वेगळे खाते काढले. त्यातली बरीच रक्कम अंमलदारांनी खाल्ली. बंडांमागून बंडे होत राहिली. १३४७ साली दौलताबादेत हसन गंगू बहमनशहा या नावाने स्वतंत्र झाला आणि आपला मुलूख दिल्लीच्या हातून गेला. शेवटच्या बंडखोराचा पाठलाग करीत सुलतान सिंधमध्ये ठट्ट्याजवळ पोहोचला आणि तेथे २० मार्च १३५१ रोजी तापाने मरण पावला.

त्याचे पितळी टंके अजूनही अधूनमधून जमिनीत सापडतात. तेव्हा शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. नांगरटीत किंवा पाया खणताना हिरवी पुटे चढलेले जुने नाणे हाती आले तर ते चिंचेने किंवा लिंबाने घासू नका. आम्ल हिरव्या थराबरोबर खालचे तांबेही उतरवते आणि अक्षरे त्याच्याबरोबर जातात. साध्या पाण्याने माती काढा आणि कोरडे करून कागदात ठेवा. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, तीही द्या. मात्र कचेरीकडे जाण्यापूर्वी नाण्यावरची फारसी-अरबी अक्षरे वाचून पाहावीत; आपल्या घरात ती वाचणारे कोणी ना कोणी असतेच.